ओली बाही

पेडगावच्या शिवारात ज्वारीची खळी लागली की आश्रुबाला बोलावणं यायचं. बैल कुणीही हाकावेत, कणसं कुणीही लोटावीत. पण उफणणीला तिवईवर चढायचं ते आश्रुबानंच. तीन पायांची उंच लाकडी तिवई, तिच्यावर हा काटकुळा माणूस, डोक्याला मुंडासं आणि पाठ उघडी. खालून बाया भरली पाटी वर द्यायच्या आणि हा ती खांद्याशी धरून नुसता उभा राहायचा. पान हलायचं नाही. खळ्याचे मालक बसवंतराव कडंला बाजेवर बसलेले असायचे, कपाळाला भस्माचे पट्टे, मांडीवर पानाची चंची.

"आश्रुबा, उभ्या उभ्या डोळा लागला का रं?"

"येयलाय मालक. बोरीच्या अंगानं निघालाय. आता वढ्यात उतरला."

बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. तोवर ओढ्याकाठची शिंदी हलायची, मग बांधावरची बोर, मग खळ्यातलं भूस जागं व्हायचं, आणि आश्रुबाची पाटी त्याच्या आधीच कललेली असायची. दाणे सरळ खाली, भूस चार हात पलीकडं. राशीत एक काडी सापडायची नाही. वारा कसा कळतो म्हणून कुणी विचारलं तर तो मानेवरून उलटा हात फिरवायचा. "हितं येऊन बसतंय ते," म्हणायचा. "सांगतंय मला."

छप्पन सालानंतर वस्तीनं देव सोडले तेव्हा घरोघरचे टाक टोपल्यात घालून ओढ्यात नेणाऱ्यांत आश्रुबा सगळ्यांच्या पुढं होता. तेव्हापासून घरात भिंतीवर दोनच तसबिरी, आणि कुणी अंगारा पुढं केला तर हा हात मागं घ्यायचा. पुतण्या पंडित पुढं शिकून बोरीच्या शाळेत मास्तर झाला. तो तर या बाबतीत चुलत्याहून कडक. वस्तीतल्या एका म्हातारीनं नातवाला दृष्टीचा काळा दोरा बांधला, तर पंडितनं भर सभेत तो दोरा दाखवून तासभर भाषण केलं होतं. म्हातारी महिनाभर तोंड चुकवत फिरली.

पण आश्रुबाचं एक राहून गेलं होतं. त्याचा बाप बसवंतरावांच्या घरी सालदार. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मालकाची सगळी अवजारं बापानं धुवायची आणि हळदीकुंकू मालकिणीनं वाहायचं, असं होतं. त्या दिवशी कुठल्याही हत्याराला काम नाही. बाप गेला, देव गेले, सालदारी सुटली; तरी खंडेनवमीच्या सकाळी आश्रुबा परसात जाऊन विळा, खुरपं, कुऱ्हाड, पास घासून धुवायचा. फूल नाही, हळद नाही, हात जोडणं नाही. नुसतं धुवायचं, पुसायचं, भिंतीला टेकवून ठेवायचं.

बायको सरजाबाई चुलीजवळून बघायची. "देव बुडविले आन देवाचं धुनं ऱ्हायलं का?"

"हात्यार वरीसभर राबतंय. एक दिस अंगूळ घातली तं काय बिघडलं?"

"पंडितला सांगू का मंग?"

तो विळा पुसत राहायचा. ती कधी सांगायची नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या साली कपाशी कमरेला लागली. मागोमाग बोंडअळी आली. मग बातमी आली की एक कंपनी विमानानं औषध मारणार आहे. बसवंतरावांचा ओढ्याकडचा पडीक माळ त्यासाठी घेतला. दगड वेचले, रूळ फिरवला, आणि एका सकाळी पिवळं, जेमतेम एक माणूस मावेल एवढंसं विमान येऊन त्या माळावर उतरलं. आसपासची गावं बैलगाड्या जुंपून बघायला आली. कंपनीचा मुकादम दत्तराव मानवतचा. त्यानं माणसं लावली. औषध कालवायला चार, पाणी भरायला सहा. वाऱ्याकडं बघायला एक माणूस हवा म्हटल्यावर सगळ्या गावानं एकच नाव सांगितलं.

विमान चालवणारा सिकंदराबादचा. तिशीच्या आतला, गळ्याला रुमाल, दाढी रोज गुळगुळीत. त्याचं नाव कुणाच्या जिभेला वळेना, म्हणून तो कप्तान झाला. आश्रुबाला निजामाच्या काळातली दखनी येत होती, त्यामुळं दोघांचं जमलं.

माळाच्या मधोमध खांब होता. खांबाच्या टोकाला लोखंडी कडं आणि कड्याला जाड कापडाची लांब बाही, दोन्हीकडून उघडी. वारा तोंडातून शिरला की बाही फुगून आडवी व्हायची. शेपूट जिकडं, वारा तिकडं चाललेला. पहिल्याच दिवशी कप्तानानं खांबाखाली बसून समजावलं. वारा समोरून आला तर पंखाला उचलतो. पाठीमागून आला तर विमान नुसतं पळत राहतं, उठत नाही.

"समझे क्या, आश्रूमियाँ?"

"समज्या साब. हमारा उलटा हाय. हमकू हवा पीठ पे होना, तुमकू मूँ पे."

कप्तान हसला. खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा अर्ध्या त्याच्या ओंजळीत ओतल्या.

माळ पूर्व-पश्चिम होता. पूर्वेच्या टोकाला बसवंतरावांची जुनी आमराई. तिच्या सावलीत औषधाची आणि पेट्रोलची पिपं, तिथंच विमान भरायचं. पश्चिमेकडं उतार, उताराच्या शेवटी बांध, बांधावर बाभळी आणि पलीकडं ओढा. वारा पडलेला असला किंवा पश्चिमेचा असला की कप्तान आमराईपासून उताराकडं पळायचा. पूर्वेचा असला तर विमान पार बाभळींपर्यंत नेऊन, वळवून, तिकडून इकडं पळवायचा. अडचण एकच होती. आमराईच्या आडोशाला पूर्वेचा वारा अजिबात लागायचा नाही. तिथं उभ्या माणसाला वाटावं, सगळं शांत आहे. म्हणून बाही. आणि बाहीखाली आश्रुबा, हातात लाल झेंडा.

एकदा असं झालं, की कप्तान निघाला आणि आश्रुबाच्या मानेवर काहीतरी उलटं बसलं. बाही अजून ढिलीच होती. त्यानं झेंडा वर केला. विमान थांबलं. दत्तराव धावत आला.

"काय दिसलं तुला? इमान तुझ्या बापाचं हाय व्हय, मन मानल तवा थांबवायला?"

तेवढ्यात वावटळ आली आणि दत्तरावाची टोपी घेऊन गेली. कप्तान विमानातून उतरून आश्रुबाजवळ आला. त्यानं दत्तरावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "शक आया तो झंडा ऊपर. मेरे को पूछना नहीं, किसी को पूछना नहीं."

तेव्हापासून कप्तान निघताना दोनदा बघायचा. एकदा बाहीकडं, एकदा आश्रुबाकडं.

खंडेनवमी आली. बसवंतरावांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आमच्या माळावर नवमीला यंत्र हलणार नाही, दुपारनंतर काय ते बघा. दत्तराव कुरकुरला, पण मालकाची जमीन. बसवंतरावांच्या घरच्या मालकीणबाई, नागुबाई, सकाळी ताट घेऊन आल्या आणि विमानाच्या नाकाला हळदीकुंकू लावून त्यांनी झेंडूची माळ घातली. माळ पंख्यात अडकेल म्हणत कप्तानानं ती काढून शेजारी ठेवली आणि हसतच नारळ फोडला. सगळे हसले.

आश्रुबा लांब खांबाखाली होता. घरची हत्यारं तो पहाटेच धुवून आला होता. आता त्याची नजर वर गेली. महिनाभर धूळ आणि औषधाचा फवारा बसून बाही पिवळट, काळपट झाली होती. त्याला वाटलं, माझं हत्यार तर हे आहे. बाकीच्यांनी पिपं धुतली, पंप धुतला. माझंच तेवढं पारोसं.

त्यानं दोर सोडून बाही खाली घेतली, ओढ्यावर नेली, दगडावर आपटून, राखेनं घासून धुतली. सरजाबाई ओढ्यावरच धुणं धूत होती.

"आता ह्येबी का?"

"दुपारपस्तोर वाळतंय."

बाभळीवर वाळत टाकून तो बिडी ओढत बसला. घटकाभर झाली नसेल, तोच माळावरून हाका आल्या. पूर्वेला ढग धरायला लागले होते. परतीचा पाऊस आला तर माळावर चिखल होणार आणि पेडगावची उरलेली कपाशी तशीच राहणार. दत्तरावानं बसवंतरावांना जाऊन गळ घातली, बसवंतरावांनी "पूजा तं झाली हाय, न्या बाबा" म्हणून हात हलवला. कप्तान विमानाकडं निघाला सुद्धा.

आश्रुबानं बाही पिळली. जाड कापड ते, पिळून किती पिळणार. धावत आणून कड्याला लावली, वर चढवली. दत्तराव लांबून ओरडला, "बाही खाली काहून घेतली हुती रं?"

"गाठ सुटली हुती."

एवढंच. तिथं तो म्हणू शकला असता, ओली आहे. पण मग पुढचा प्रश्न होता, कशाला धुतली. आज कशाला धुतली. दत्तराव मानवतला सांगणार, मानवतचं बोरीला जाणार, आणि बोरीत पंडित.

विमान आमराईच्या सावलीत भरून उभं राहिलं. पोट औषधानं गच्च. इंजिन सुरू झालं. आश्रुबा खांबाखाली पूर्वेकडं पाठ करून उभा होता, तसा त्याच्या मानेवर वारा येऊन बसला. थंड, ढगाच्या पोटातला, झोताझोतानं. एक झोत आला आणि गेला. दुसरा त्याहून जोराचा. त्यानं वर बघितलं. कड्याखाली ओली बाही मिटून लोंबत होती. झोत आला की ती जडपणानं हलायची आणि पुन्हा खांबाला चिकटायची. खालून कुणीही म्हटलं असतं, वारा पडलेला आहे.

तो विमानाकडं वळला. कप्तानानं बाहीकडं बघितलं. मग आश्रुबाकडं बघितलं.

झेंडा आश्रुबाच्या मुठीत होता. मान सांगत होती, वर कर. मग विमान थांबेल, कप्तान येईल, बाही बघेल, हात लावेल. आश्रुबाच्या मनात त्या क्षणी काय होतं ते त्यानं पुढं सांगितलं, फार पुढं. तो म्हणाला, "मला वाटलं, झोत हाय, निघून जाईल. आन मला पंडितचं तोंड दिसलं."

झेंडा खालीच राहिला. कप्तानानं हात हलवला आणि विमान सुटलं.

ते त्याच्यासमोरून गेलं तेव्हा नेहमीसारखी चाकं हलकी झालेली नव्हती. उतारावर ते पळतच राहिलं. बांध जवळ आला तेव्हा नाक वर झालं, चाकं सुटली, पुरुषभर उंचीवर गेलं. आणि मागून तिसरा झोत आला. डावा पंख खाली गेला. बाभळीच्या शेंड्यात तो अडकला आणि अख्खं विमान त्याच्याभोवती गिरकी घेऊन ओढ्यात आपटलं. आवाज फार मोठा झाला नाही. पीप गाडीवरून पडावं तसा.

आश्रुबा सगळ्यांच्या आधी पोचला. औषधाचा उग्र वास, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. कप्तान पट्ट्यात तसाच बसलेला होता, मान एका बाजूला. आश्रुबानं त्याच्या नाकापुढं तळवा धरला. अर्धं आयुष्य त्याला पानामागचा वारासुद्धा कळत आला होता. तिथं काही नव्हतं.

परभणीहून पोलिसांची जीप यायला दोन तास गेले. तोवर ढग पांगले, वारा सारखा वाहायला लागला, ऊन पडलं. पंच माळावर आले तेव्हा बाही वाळून खडखडीत झाली होती, टम्म फुगली होती आणि पश्चिमेकडं ताठ बोट दाखवावं तशी उभी होती. माळावरच्या प्रत्येकानं ती बघितली. साहेबानं विचारलं, "ही इथंच होती सकाळपासून?"

"हुती साहेब," आश्रुबा म्हणाला.

"चांगल्या हालतीत?"

"हुती."

कागदावर तसं लिहिलं गेलं. पुढं मोठी चौकशी झाली, तीही त्याच कागदावर. वारा पाठीमागचा होता, बाही तो दाखवत होती, चालकानं दुर्लक्ष केलं. दत्तरावानं पारावर बसून उकल केली, "नारळ फोडताना हसला ना, तवाच मला कळलं." कुणी म्हणालं, घेत असेल थोडी. सकाळी-सकाळी? असेल, काय सांगावं. आश्रुबा उठून गेला.

संक्रांतीच्या अगोदर कप्तानाचे वडील आले. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, उंच, पांढरी पँट, कडक कॉलर. परभणी स्टेशनावरून टांग्यानं पेडगावला आले आणि बसवंतरावांच्या दारात उभे राहून म्हणाले, मला ती जागा बघायची आहे. बसवंतरावांनी आश्रुबाला सोबत दिलं.

म्हातारा आमराईपासून बाभळीपर्यंत पावलं मोजत चालला. मोडलेल्या शेंड्याखाली बराच वेळ थांबला. मग परत खांबाशी आला. खांब अजून तिथंच होता, बाही कंपनी घेऊन गेली होती.

"मी पस्तीस वर्षं झेंडा दाखवला," तो दखनीत म्हणाला. "गाडी सुटली ती माझ्या झेंड्यावर. चूक होते, सगळ्यांची होते. मला फक्त एवढं सांग. त्याला ही बाही दिसत होती?"

"दिखरी थी साब."

"काय दाखवत होती?"

आश्रुबानं ओठ ओले केले. "पूरब की हवा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. खिशातून कागद काढून त्यावर पत्ता लिहिला आणि आश्रुबाच्या हातात दिला. "त्याची आई म्हणते, तो न बघता कधी जाणार नाही. लहानपणी चप्पल घालताना आधी झटकून बघायचा, आत विंचू असेल म्हणून. मी तिला आता सांगेन, की नाही बघितलं. काही आठवलं तर लिही."

टांगा गेला. आश्रुबा कागद मुठीत धरून खांबाखाली बसला तो दुपार कलल्यावर उठला.

त्या साली खळ्यावर तो तिवईवर चढला. बायांनी पाटी दिली. वारा आला, चांगला आला, बाया म्हणाल्या, "तात्या, कलवा की." हा नुसता उभा. पाटी खांद्याशी, नजर मागं. बसवंतराव बाजेवरून उठून बसले. "आश्रुबा?"

"ते इचारायलंय मालक."

"कोन इचारायलंय?"

"हवा कैसी हाय म्हनून इचारायलंय."

बाया दोन पावलं मागं सरल्या. त्याला हात धरून खाली उतरवलं. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच झालं, आणि मग पेडगावनं उफणणीला दुसरा माणूस बघितला. आश्रुबा मजुरीला दुसरीकडं जायला लागला. घरात वेगळंच सुरू झालं. सरजाबाईनं दोरीवर लुगडं टाकलं की हा जाऊन चाचपायचा. ओलं असलं की काढून पिळायचा, पुन्हा टाकायचा, पुन्हा चाचपायचा. वाळलं की मगच जेवायला बसायचा. पावसाळ्यात दिवसदिवस जेवण नाही. सरजाबाईनं अगोदर शिव्या घातल्या, मग ती लुगडं शेजारच्या बायनाबाईकडं वाळत घालायला लागली. तिथंही तो जायचा. खंडेनवमी आली की मात्र हत्यारांकडं बघायचा नाही. विळ्याला गंज चढला.

अशी चार वर्षं गेली. एका सकाळी बायनाबाईच्या अंगणात तो तिच्या नातीचं झबलं पिळत उभा असलेला सरजाबाईनं बघितला आणि हाताला धरून घरी आणला.

"बस हितं. मी वढ्यावर व्हते का नव्हते?"

"व्हतीस."

"मी तोंड शिवून बसले. चार सालं. तुमाला बरं वाटंल म्हनून बसले. वाटलं का बरं?"

झबलं त्याच्या हातात तसंच होतं. त्यानं ते पुन्हा पिळलं.

"पंडित आइतवारी येयलाय. त्याला सांगा. न्हाई तं मी सांगते. आन मी सांगन तवा मीठमिरची लावून सांगन, ठावं हाय ना?"

रविवारी पंडित आला. आश्रुबानं पत्त्याचा कागद त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाला, पत्र लिहायचंय, हिंदीत. मग सगळं सांगितलं. बाही, ओढा, राख, दोर, साहेबाचा प्रश्न, म्हाताऱ्याचा प्रश्न. पंडित ऐकत होता. सगळं सांगून झाल्यावर त्यानं चष्मा काढला.

"तुम्ही खंडेनवमी करत होता, तात्या?"

सरजाबाई चुलीपासून वळली. "मानूस मेलाय रं त्याच्यात."

"तेच म्हणतोय काकू. माणूस मेला. कशापायी मेला?"

"धुन्यापायी न्हाई मेला," आश्रुबा म्हणाला. "मी धुतलं त्यानं न्हाई मेला. धुतलं म्हनून सांगायला भ्यालो, त्यानं मेला. आन भ्यालो ते साहेबाला न्हाई. तुला भ्यालो."

पंडितनं चष्मा पुसून पुन्हा घातला. मग लिहायला घेतलं. पानभर झाल्यावर आश्रुबा म्हणाला, वाच. पंडितनं वाचलं, "...बाही धुळीनं मळली होती म्हणून मी ती धुतली..."

"मळली हुती म्हनून न्हाई."

"तात्या, त्यांना काय फरक पडतो? बाही ओली होती, हे महत्त्वाचं."

"त्यांना पडत नसंल. नवमी हुती म्हनून धुतली, आसं लिही."

"वस्तीत वाचलं कुणी तर? उद्या लोक मला विचारतील, मास्तर, तुमच्या घरात काय चालतं?"

"मंग सांग काय चालतं ते."

पंडितनं ते पान फाडलं. दुसरं घेतलं. या खेपेला आश्रुबा बोलत गेला तसं लिहिलं. आश्रुबानं खाली सही केली, रात्रशाळेत शिकलेली, जोडाक्षरावर अडखळणारी.

पुढच्या आठवड्यात पंडित वस्तीच्या सभेत उभा राहिला आणि म्हणाला, त्या म्हातारीचा दोरा मी सगळ्यांपुढं दाखवला होता, तर माझ्या घरचंही ऐका. त्यानं सगळं सांगितलं. लोकांनी ऐकलं. धुरपताबाई, तीच दोऱ्याची म्हातारी, शेवटी म्हणाली, "आमी बी धुतो की रं नवमीला. तुला कोन सांगावं?" आणखी दोघंतिघं जमिनीकडं बघायला लागली. बसवंतरावांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "आरं, इमान का फडक्यावर चालतंय? त्याची येळ आली हुती." दत्तराव म्हणाला, आता कागद बंद झालाय, उगं कुणाची जबानी बदलू नका. आश्रुबानं जिल्ह्याच्या कचेरीत पंडितकडून अर्ज दिला, तो घेतला गेला, शिक्का बसला आणि पुढं काही आलं नाही. गावात त्याच्यावर रागावणारं कुणी सापडेना.

सिकंदराबादहून उत्तर आलं ते दीड महिन्यानं. पंडितनं अंगणात बसून वाचलं. म्हाताऱ्याचं अक्षर सरळ, रेल्वेच्या वहीतल्यासारखं. त्यानं शिव्या दिल्या नव्हत्या, माफही केलं नव्हतं. पत्र त्यानं बायकोला वाचून दाखवलं होतं आणि खालचे प्रश्न तिचे होते. त्या दिवशी सकाळी त्यानं काय खाल्लं? नारळ फोडताना हसला म्हणता, कुणाशी हसला? बाहीकडं बघितलं तेव्हा किती वेळ बघितलं? तुझ्याकडं बघितलं का?

आश्रुबा एकेकाचं उत्तर सांगत गेला. भाकरी आणि शेंगाची चटणी, नागुबाईंच्या घरची. हसला तो नागुबाईंशी, माळ पंख्यात अडकंल म्हणून. बाहीकडं चांगलं बघितलं, दोन श्वास. माझ्याकडं बघितलं. पंडित लिहीत होता. शेवटच्या ओळीशी तो थांबला.

"काय हाय?"

"विचारलंय, तुझ्या हातात झेंडा होता. त्याला थांबवता आलं असतं का."

सरजाबाई सुपातले खडे वेचत होती. तिचा हात थांबला.

पंडित हलक्या आवाजात म्हणाला, "तात्या, हे सगळं दोन-चार श्वासांत झालंय. तुम्हाला कळायच्या आत विमान सुटलं होतं. असंच लिहितो. खोटंही नाही ते फार."

आश्रुबानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. समोरच्या रस्त्यानं मानवतची एसटी गेली, धूळ अंगणात आली, बसली.

"आलं आसतं," तो म्हणाला. "लिही. थांबविता आलं आसतं."

पंडितनं लिहिलं. वाळेपर्यंत कागद हातात धरला आणि मग विचारलं, अजून काही? आश्रुबा म्हणाला, लिही, आनखी काय इचारायचं आसंल तं इचारा म्हनावं, मी हाय. मग पाकीट त्यानं पंडितला दिलं नाही. स्वतः घेतलं आणि पोस्टाच्या पेटीकडं चालायला लागला.